पोदेर येण्याआधीच कुत्रा फाटकाशी कसा जातो? वेळेचा अंदाज शिकण्याविषयी

तुळशीकट्टा (फोंडा)

आमच्या वाड्यावर (म्हणजे वस्तीवर) संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारा, येतो. सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली आणि हँडलला रबरी भोंगा, एवढेच त्याचे दुकान. आमचा मोती त्याच्याकडून रोज एक काकण (बांगडीच्या आकाराचा पाव) वसूल करतो, आणि भोंगा ऐकू येण्याच्या आठ-दहा मिनिटे आधीच उठून, अंग ताणून, फाटकाशी जाऊन बसतो. इतकी वर्षे मी हे ‘त्याला कळते’ एवढ्यावर सोडून दिले होते. गेल्या महिन्यात मात्र जुन्या पोदेराने आमचा वाडा आपल्या पुतण्याकडे सोपवला, आणि हा पुतण्या वरचा वाडा आधी करून सव्वासहाला आमच्याकडे येऊ लागला. पहिले दोन-तीन दिवस मोती जुन्याच वेळेला फाटकाशी गेला, बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला आणि मान खाली घालून परतला. आठवड्याभरात तो सहाच्या पुढे-मागे जाऊ लागला. त्याला कोणी शिकवले नाही, घड्याळ त्याला वाचता येत नाही, आणि दोन-तीन संध्याकाळच्या निराशेखेरीज त्याच्या पदरी दुसरी काही माहिती नव्हती.

त्याच आठवड्यात माहेरी दिवाडीला जाताना माझे स्वतःकडेही लक्ष गेले. फेरीबोट धक्क्याला लागायच्या किंचित आधी मी पिशवी उचलून उभी राहिलेली असते. त्या वेळी डोळे फोनमध्ये असतात, पाण्याकडे नसतात. मोतीचे ते आणि माझे हे ज्ञान एकाच जातीचे आहे, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? जाणकारांनी सांगावे. ‘मुक्या जनावरांना सहावे इंद्रिय असते’ अशा उत्तरांसाठी हा धागा नाही, हे आधीच नम्रपणे नमूद करते.

प्रयोगवही (मडगाव)

अनेक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवल्यामुळे या प्रश्नावर गप्प बसणे मला जमणार नाही. माझ्या मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले दिवसाचे घड्याळ. जर्मनीत इंगेबोर्ग बेलिंग या संशोधिकेने १९२९ मध्ये मधमाश्यांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. ठरावीक वेळी साखरपाणी ठेवून तिने माश्यांना त्या वेळेची सवय लावली आणि मग एके दिवशी साखरपाणी ठेवलेच नाही. तरीही माश्या प्रामुख्याने त्याच वेळी येत राहिल्या, काही तर थोड्या आधी. मौज अशी की दर १९ तासांनी साखरपाणी देऊन तीच सवय लावण्याचा प्रयत्न मात्र फसला. शरीरातले हे घड्याळ साधारण चोवीस तासांच्या फेऱ्याचे असते आणि त्याच्या फार बाहेरचे अंतर त्याला शिकवता येत नाही. उंदरांच्या मेंदूतील मुख्य दैनिक घड्याळाचा भाग काढून टाकला तर त्यांचे दिवस-रात्रीचे वेळापत्रक कोलमडते, पण रोज एकाच वेळी खाणे दिले तर खाण्याच्या आधीची त्यांची धावपळ तशीच राहते. म्हणजे जेवणाच्या वेळेची नोंद आणखी कुठेतरी ठेवली जाते. मोतीच्या बाबतीत माझा पहिला संशय या घड्याळावर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या खुणेपासून मोजलेले अंतर, ज्याला आपण मनातले स्टॉपवॉच म्हणू. पावलॉव्हच्या कुत्र्यांची घंटेची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. खूण सुरू झाल्यावर खाणे काही मिनिटांनी द्यायचे, असे बरेच दिवस केले की सुरुवातीला खुणेबरोबरच सुटणारी लाळ हळूहळू मागे सरकते आणि खाणे येण्याच्या बेताला सुटू लागते. कुत्रा ‘काय येणार’ याबरोबर ‘केव्हा येणार’ हेही शिकतो. फेरीबोट सुटतानाच्या हिसक्यापासून तुमचे मन असेच अंतर मोजत असावे.

तिहाई (म्हापसा)

मी तबला शिकवतो, त्यामुळे ‘मनातले स्टॉपवॉच’ या शब्दाला माझी थोडी हरकत आहे. स्टॉपवॉच नुसता वाहणारा काळ मोजते, आणि नुसता वाहणारा काळ माणसाला फार वाईट मोजता येतो. विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावे की ‘सोळा सेकंद थांब आणि टाळी दे’, तर कोणी बाराव्या सेकंदाला देईल, कोणी विसाव्या. त्यालाच सहा महिन्यांनी त्रितालाचा ठेका तोंडाने म्हणत टाळी द्यायला सांगितले, तर तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर येतो. या सहा महिन्यांत त्याचे आतले घड्याळ सुधारलेले नसते. सोळा मात्रांचे अंतर तो आता एका घासात गिळत नाही, हा फरक पडलेला असतो. चार-चारचे चार विभाग, नवव्या मात्रेची ‘खाली’ (जिथे टाळी देत नाहीत), तिथून बदललेला नाद, आणि ‘तिन् तिन् ता’ संपून पुन्हा ‘धिन्’ आले की सम आता तीन पावलांवर आहे ही खात्री, असे मुक्काम त्याला मिळालेले असतात. मध्यलयीच्या कितीतरी बंदिशी खालीपासून उठतात, त्यामुळे मुखडा उचलला की तोच समेकडे घेऊन जातो.

विलंबित एकतालात हे अधिक उघड दिसते. मात्रा बाराच, पण अतिविलंबितात एक आवर्तन मिनिटभरही चालू शकते. एवढा काळ ‘जाणवणे’ कोणालाच शक्य नाही. ‘धागे तिरकिट’ हे भरणाचे बोल पोकळी भरून काढतात, आणि श्रोता जी सम हेरतो ती शेवटच्या दोन मात्रांच्या आधारावर हेरतो. मैफलीत समेवर एकाच वेळी शंभर माना हलतात, ते मागून आलेले उत्तर नसते. आवाज ऐकून मान हलवायची म्हटले तर मान उशिराच हलेल, म्हणून ती आधीच निघालेली असते. आपल्या गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर लयकारीसाठी देशभर नावाजले गेले, हाता-पायांनी वेगवेगळ्या लयी एकाच वेळी धरणारे म्हणून. तिथवर आपण जात नाही, पण पहिली पायरी प्रत्येकाला चढता येते, आणि ती आहे मोठ्या अंतराचे लहान तुकडे करण्याची.

प्रयोगवही (मडगाव)

तिहाई यांची हरकत मान्य, आणि तिच्या पाठीशी गणितही आहे. जॉन गिबन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा, की अंतर मोजण्यातली चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. सेठ रॉबर्ट्स यांच्या १९८१ च्या प्रयोगांत उंदरांना एका खुणेनंतर २० सेकंदांनी आणि दुसऱ्या खुणेनंतर ४० सेकंदांनी खाणे मिळे. मधूनच खाणे दिले नाही तरी कळ दाबण्याचा जोर त्या त्या वेळेच्या आसपास शिगेला पोहोचे आणि मग ओसरे, पण आलेखातला ४० सेकंदांचा डोंगर २० सेकंदांच्या डोंगराहून सुमारे दुप्पट पसरट असे.

आता समजा माझी चूक दहा टक्के आहे. सोळा सेकंद एकदम मोजले तर ती १.६ सेकंदांची होईल. एकेका सेकंदाचे सोळा तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यात ०.१ सेकंदाची चूक, पण काही तुकडे लांब आणि काही आखूड पडून चुका एकमेकींना थोड्या खातात, म्हणून एकूण चूक सोळापट न वाढता सोळाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे चौपट वाढते. ती झाली ०.४ सेकंद. नुसत्या तुकडे करण्याने चूक चौथाईवर आली. साधारण सव्वा सेकंदाहून लांब अंतरासाठी मनात मोजण्याचा फायदा होतो असे प्रयोगांतही दिसले आहे. त्याहून लहान अंतर मोजत बसण्यात अर्थ नसतो.

तिहाई (म्हापसा)

हिशेब सुंदर आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे. चुका एकमेकींना खातात त्या केव्हा, तर काही मात्रा लांब आणि काही आखूड पडतात तेव्हा. शिकाऊ वादकाची लय मात्र चढते, म्हणजे प्रत्येक मात्रा मागच्याहून किंचित आखूड होत जाते. सगळ्या चुका एकाच दिशेच्या असल्या की त्या एकमेकींना खात नाहीत, साठतात. लेहरा त्यासाठीच असतो. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन फिरत राहते आणि वादकाची चूक दर समेवर पुसून पाटी कोरी करते. आतले मोजमाप बाहेरच्या कशालातरी वरचेवर टेकवावे लागते, असे मी म्हणेन.

खाजनकार (तिसवाडी)

बाहेर टेकवण्याचा विषय निघालाच आहे, तर खाजन शेतीतले, म्हणजे खाडीकाठी बांद घालून केलेल्या शेतीतले, सांगतो. आमच्या बांदात मानस आहे, म्हणजे खाडी आणि आतला पोंय (पाणी साठण्याची जागा) यांच्यामधली लाकडी झडपांची दारे. भरतीचे पाणी चढले की ते दार दाबून बंद करते आणि सुकती लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने दार आपोआप उघडते. (ओहोटीला आम्ही सुकतीच म्हणतो.) पाणी बाहेर धावू लागण्याच्या आधी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून तयार असावे लागते. उशीर झाला तर मासळी निघून जाते, आणि फार लवकर गेलो तर अंधारात डास मारत बसावे लागते.

प्रयोगवही यांनी सांगितलेले चोवीस तासांचे घड्याळ इथे उपयोगाचे नाही, कारण एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते आणि म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. काल रात्री नऊला गेलो होतो म्हणून आज नऊला जायचे, ही सवय इथे दगाच देणार. कोकण किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा आहे, तिथीच्या पाऊणपट तासांना भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. मी शाळेत असताना हे पाठ केले आणि अमावास्येच्या रात्री मोठ्या ऐटीत वडिलांना वेळ सांगितली. त्या दिवशी आम्ही बराच वेळ बांदावर बसून काढला आणि वडिलांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट होते.

चूक कुठे झाली ते पुढे कळले. तीस तिथींमध्ये चंद्र चोवीस तासांचा पूर्ण फेरा मागे पडतो, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे, तर पाऊणपट धरले की ४५. रोजचा तीन मिनिटांचा तोटा पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासावर जातो. तिहाईंच्या शब्दांत, सगळ्या चुका एकाच दिशेच्या. शिवाय खाडीच्या तोंडापासून जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे प्रत्येक मानशीचा हिशेब आपापला. वडील तिथी विचारीत ती फक्त घरातून केव्हा निघायचे हे ठरवण्यासाठी. बांदावर पोहोचल्यावर ते तिथी विसरत आणि पाण्यावरचा पाचोळा पाहत. आत येणारी काटकी मंद होते, मग एका जागी थांबते, गोल फिरते. ती थांबली की वडील विडी विझवून उठत, आणि जाळ्याची दोरी बांधून होते न होते तोच दाराच्या फळीचा पहिला ठोका ऐकू येई.

उधाणाच्या दिवसांत काटकी थांबते ती अगदी थोडा वेळ, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी बेताची असण्याच्या, दिवसांत रेंगाळते. हा फरक मला कोणी सांगितला नाही, तो जाळे उशिरा लागल्यामुळेच समजला.

अबोली (काणकोण)

पोदेराचा भोंगा लहान मुलांना केव्हापासून ‘आधी’ कळू लागतो, हे कोणी पाहिले आहे का? माझी दीड वर्षाची मुलगी भोंगा वाजल्यावरच उठते, त्याआधी तिला पोदेर अस्तित्वातच नसतो असे वाटते. बाकी वाचते आहे.

तिठा (साखळी)

सगळे सदस्य नियमाने येणाऱ्या गोष्टींविषयी बोलत आहेत, म्हणून अनियमित गोष्टींची बाजू मी मांडतो. मी रोज पणजीला जातो. माझ्या अनुभवाने वाट पाहण्याचे तीन प्रकार आहेत आणि आपण शिकतो ते यांतला कोणता प्रकार चालू आहे हे ओळखायला.

पहिला प्रकार असा की जितके थांबलो तितकी ती गोष्ट जवळ आली. दर वीस मिनिटांनी सुटणारी बस पंधरा मिनिटे दिसली नाही, तर पुढच्या पाचांत येणार. दुसऱ्या प्रकारात थांबण्याने काहीच कळत नाही. गळ टाकून बसलेल्याला अर्धा तास मासा लागला नाही म्हणून पुढच्या मिनिटाला लागण्याची शक्यता वाढत नाही. तिसऱ्या प्रकारात जितके थांबलो तितकी ती गोष्ट लांब गेली. पावसाळ्याच्या तोंडावर वीज जाते, तेव्हा दहा मिनिटांत आली तर आली. तासभर आली नाही तर कुठेतरी तारांवर माड पडलेला आहे असे समजून मेणबत्ती आणि डासांची अगरबत्ती दोन्ही काढावीत.

गंमत म्हणजे आमच्या तिठ्यावरची सकाळची खासगी बस यांतल्या कोणत्याच प्रकारात बसत नाही, कारण ती माणसे भरल्यावर सुटते. कंडक्टर ‘पणजे, पणजे’ ओरडत असतो आणि नवखा माणूस घड्याळ पाहत असतो, तर रोजचा माणूस रिकाम्या जागा मोजून चहाला जातो आणि शेवटच्या चार जागा उरल्या की पेला ठेवून परत येतो. मला हे समजायला दोन महिने आणि बरेच अर्धवट सोडलेले चहा लागले.

प्रयोगवही (मडगाव)

तिठा यांनी जे वर्गीकरण तिठ्यावर उभे राहून केले, त्यावर बराच अभ्यास झाला आहे. २००६ मध्ये थॉमस ग्रिफिथ्स आणि जोशुआ टेनेनबॉम यांनी लोकांना असे प्रश्न विचारले, की केक इतकी मिनिटे भट्टीत आहे तर एकूण किती वेळ लागेल, फोनवर इतका वेळ ताटकळलात तर एकूण किती ताटकळाल. उत्तरे प्रत्यक्ष आकडेवारीच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ होती, आणि महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी लोक वेगळा आडाखा वापरत होते. इजिप्तच्या फॅरोंची कारकीर्द किती चालेल याविषयी मात्र लोकांनी वर्षे जास्त धरली, तरी अंदाजाची घडण योग्य होती. ज्याचा अनुभव नाही तिथेही माणूस आडाखा निवडतो, फक्त मोजमापात चुकतो.

आणखी साधा प्रयोग हर्बर्ट वुड्रो यांच्या १९१४ च्या कामापासून होत आला आहे. ‘तयार’ अशी खूण द्यायची आणि काही क्षणांनी दिवा लावायचा. दिवा दिसताच कळ दाबायची. हे अंतर दर वेळी बदलते ठेवले, समजा एक, दोन किंवा तीन सेकंद, तर एका सेकंदाला लागलेल्या दिव्याला हात सर्वांत हळू जातो आणि तिसऱ्या सेकंदाच्या दिव्याला सर्वांत झटकन. दोन सेकंद कोरडे गेले म्हणजे आता तोच उरला, हे हाताला ठाऊक असते. काही खेपांना दिवा लावलाच नाही, तर हा फायदा घटतो. शिवाय मागच्या खेपेला जास्त थांबावे लागले असेल, तर या खेपेला लवकर लागलेल्या दिव्याला हात उशिरा जातो. कालचा उशीर आजच्या तयारीत शिरतो तो असा.

मोतीच्या खाली घातलेल्या मानेविषयीही दोन ओळी लिहितो. वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्या १९९७ च्या प्रसिद्ध लेखात माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी आहेत. खुणेनंतर ठरलेल्या वेळी रसाचा थेंब मिळण्याची सवय लागल्यावर रस मिळाला तरी त्या पेशींना त्याचे विशेष काही वाटत नाही. रस दिलाच नाही, तर मात्र तो यायला हवा होता त्याच क्षणी त्या पेशी गप्प होतात. त्या क्षणी बाहेर काहीच घडलेले नसते. न आलेल्या गोष्टीलाही वेळ असते, आणि शिकणे बहुधा तिथूनच सुरू होते.

अबोली यांना: दीड वर्षाच्या मुलीला दोन गाण्यांमधला किंवा ‘बुवा कुक’मधला विराम नक्की कळत असेल. तो काही सेकंदांचा असतो. पोदेराचे अंतर तिच्यासाठी फार मोठे आहे आणि मध्ये मुक्काम नाहीत, एवढेच.

तुळशीकट्टा (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मध्ये मुक्काम नाहीत’ हे वाक्य वाचून मी बारा दिवस दिनदर्शिकेवर नोंदी केल्या. मोती किती वाजता उठतो, पोदेर किती वाजता येतो, आणि त्याआधीच्या तासाभरात घरात काय काय घडते, असे तीन रकाने.

पहिल्या पाच दिवसांत तिसऱ्या रकान्यात एक गोष्ट रोज आली. सासूबाई चहाचे आधण ठेवतात, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मोती उठतो. त्यांना गरम उंड्याबरोबर (पोदेराच्या गोल पावाबरोबर) चहा लागतो, त्यामुळे पोदेराची वेळ बदलल्यावर चार दिवसांनी त्यांनी आधणही पुढे ढकलले होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. म्हणजे आठवड्याभरात मोती शिकला असे मी लिहिले, ते शिकणे बहुधा सासूबाईंचे होते, आणि मोती भांड्याच्या आवाजापासून आपले अंतर मोजत होता.

सहाव्या दिवसापासून आम्ही थोडी लबाडी केली. तीन दिवस आधण अर्धा तास आधी ठेवले, तेव्हा मोती पोदेराच्या वेळेच्या पुष्कळ आधी उठला, पण पूर्ण अर्धा तास आधी नव्हे. साधारण मधल्या वेळेला. पुढचे तीन दिवस संध्याकाळचा चहा बंद ठेवला (त्याबद्दल घरात जे बोलले गेले ते इथे लिहीत नाही). त्या तीन दिवसांत तो उठला, पण कधी पावणेसहाला, कधी सहा-दहाला, आणि एकदा तर भोंगा वाजल्यावर. प्रयोगवही म्हणतात ते दिवसाचे घड्याळ त्याच्यात असेलच, पण त्याच्या डोंगराचा पायथा बराच पसरट दिसतो. बाराव्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते, नोंद झाली नाही.

मग मी सासूबाईंना विचारले की स्वयंपाकघरात घड्याळ नसताना आधण कधी ठेवायचे हे त्यांना कसे कळते. त्या म्हणाल्या, “पोफळीची सावली तुळशीच्या कट्ट्याला लागली की.” सावली तर दर महिन्याला हलते, असे मी म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, “हलू दे की. पावसात सावलीच नसते, तेव्हा मी मोतीकडे बघते.”